जिन्याखालची खोली

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ही वही लेकीनं आणून दिली. "डॉक्टर म्हणालेत ना, मनात साठवू नका म्हणून? मग लिही. आमच्यावर काढण्यापेक्षा कागदावर काढ." कार्टी माझीच आहे, जीभ तरी दुसऱ्या कोणाची असणार!

तर काढते. आज मी आमचं घर बघायला गेले होते. तिकीट काढून. स्वतःच्या बापाच्या घरात तिकीट काढून शिरायची वेळ माझ्यावर आली आणि ती आणली माझ्या सख्ख्या भावानं, तीही मेल्यावर.

दादा मोठा लेखक झाला. नाव झालं, मान मिळाला, आणि दीड वर्षापूर्वी गेला. लहानपणावर लिहिलेलं त्याचं पुस्तक पोरांना शाळेत लावलंय म्हणे. मग काय, एका संस्थेनं आमचं विकलेलं जुनं घर विकत घेतलं, भिंती घासल्या, दारावर पाटी ठोकली आणि संग्रहालय केलं. उद्घाटनाचं बोलावणं आलं होतं. मी गुडघ्याचं निमित्त पुढे केलं आणि गेले नाही. आज त्याच बाजूला दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते, पाय आपोआप तिकडे वळले.

दारात एक चष्मेवाली पोरगी. माहिती सांगायचं काम तिचं. तिनं मला ओळखायचं काही कारणच नव्हतं. इतर चार माणसांबरोबर मलाही फिरवलं. पुढची खोली, स्वयंपाकघर, माडी. बोलते छान, उगाच गळा काढत नाही. मला सगळं घर आटल्यासारखं वाटलं. लहानपणी केवढं मोठं होतं ते! मग तिनं आम्हाला बोळात आणलं, जिन्याखालच्या खोलीपाशी, आणि तिथली पाटी आवाज खाली करून वाचली, "इथे लेखकाचे वडील त्याला कोंडून ठेवायचे. अंधारात."

आणि पुढे तर तमाशाच. त्या खोलीत एकेकाला आत घालतात आणि बाहेरून जुनी कडी लावतात. ही दाराशी उभी. थोड्या थोड्या वेळानं विचारणार, "उघडू?" आतला "उघड" म्हणाला की उघडायचं. एक चांगला धिप्पाड गृहस्थ हसत हसत आत गेला आणि डोळे पुसत बाहेर आला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"अगं बये, ही अभ्यासाची खोली होती," मी म्हटलं. "तो आपणहून जाऊन बसायचा आत. पहिल्यापासून एकलकोंडा."

"आजी, पुस्तकात तसं नाहीये."

"खड्ड्यात गेलं पुस्तक! माझे वडील होते ते!"

पोरगी पांढरीफटक पडली. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. एका बाईनं तर फोटो काढला माझा. तडक घरी आले. दात दुखत होता तेही विसरले.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सकाळीच तिथल्या व्यवस्थापकांचा फोन. "ताई, तुम्ही आलात आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाहीत!" पोरीनं सांगितलं असणार. माणूस गोड बोलणारा, म्हणजे काहीतरी हवं असणार, हे मी ओळखलंच. निघालं तसंच. बाबांची खुर्ची हवी आहे. पुस्तकात आहे ना ती, म्हणून लोक विचारतात.

मी म्हटलं, "देते. पण त्या खोलीवरची पाटी काढायची. माझ्या बापाला जगासमोर राक्षस करून ठेवलंय तुम्ही. माणूस जाऊन वर्षं झाली, उत्तर द्यायला येणार आहे का तो?" ते म्हणाले, "बघू, बोलू, मी घरी येतो."

खुर्ची माझ्या खोलीत आहे. एरवी तिच्यावर घड्या न घातलेले कपडे पडलेले असतात. आज ते उचलले आणि पुसली. पाठीच्या वरच्या पट्टीला मागून एक खोल खाच आहे, जिन्याखालच्या दाराच्या कडीनं पडलेली. बाबांना बोळातली झुळूक आवडायची, म्हणून खुर्ची कायम तिथेच, त्या दाराला टेकवून. कामावरून आले की तिथे बसणार, पाय लांब करणार आणि हाक मारणार, "चिमणे!"

मला चिमणी म्हणायचे. मग मी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून गायचे. रोज. असा बाप पोरांना कोंडतो होय?

रविवार, ९ नोव्हेंबर

दादाचं पुस्तक पुन्हा काढलं. एकदा वाचून फेकून दिलं होतं, लेकीनं उचलून ठेवलं होतं.

चारशे पानं. आई आहे, बाबा आहेत, शेजारचा लंगडा कुत्रासुद्धा आहे. मी नाही. एक ओळ नाही! वाचणाऱ्याला वाटावं, एकुलता एक मुलगा होता. पाठची बहीण, एका ताटात जेवलेली, आणि तिच्यापेक्षा कुत्रा महत्त्वाचा.

त्या खोलीवर एक अख्खं प्रकरण आहे. तिथे काही दिसायचं नाही, मी आवाजांवर जगलो, असं लिहिलंय. मग आवाजांची ही भलीमोठी जंत्री. आई स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवायची त्याचा. पुढच्या खोलीतल्या घड्याळाचा. खुर्ची करकरायची तिचा. जिन्यावरून कोणी गेलं तर डोक्यावर पडणाऱ्या पावलांचा. गल्लीतल्या सायकलींचा. सगळं आहे, आणि मी मागच्या उंबऱ्यावर, त्याच खोलीच्या भिंतीला पाठ लावून, तिच्या झरोक्याखाली बसून गळा फाडून गायचे, ते तेवढं त्याला ऐकू आलं नाही!

माझं गाणं त्याला कधी आवडलंच नाही. माझ्या लग्नात सगळ्यांनी आग्रह केला, मी गायला बसले, तर हा उठून बाहेर निघून गेला. आमच्याकडे आला की आधी रेडिओ बंद करायचा. मी शाळेत गाण्याची बाई झाले, पहिला पगार झाला, सांगायला गेले, तर म्हणाला, "छान." एवढंच. लोक म्हणतात संवेदनशील लेखक. असेल बापडा. घरच्यांच्या वाट्याला काही आला नाही.

लिहिता लिहिता रडू आलं. इतक्या वर्षांनी पण लागतंच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

व्यवस्थापक आले होते, बरोबर ती चष्मेवाली. तिनं आल्या आल्या माफी मागितली. पोरगी गुणाची आहे, उगाच झापलं तिला.

खुर्ची बघून व्यवस्थापक हरखलेच. मग त्यांच्या मनातलं सांगितलं. त्या खोलीत आता आवाज लावणार आहेत म्हणे. माणूस अंधारात बसला की पुस्तकातले आवाज एकेक करून ऐकू यायचे, नळ, घड्याळ, खुर्ची. मला विचारत होते, नळ कसला होता, घड्याळ टोले द्यायचं का.

माझ्या डोक्यात एकदम वीजच चमकली. म्हटलं, "आवाज लावताय ना? मग खरे लावा. रोज संध्याकाळी त्या घरात गाणं व्हायचं, ते लावा. मी गायचे."

"तुम्ही?" ते खुर्चीतून अर्धे उठलेच. "म्हणजे लेखक आत असताना?"

"मग! मी उंबऱ्यावर, बाबा खुर्चीत, दादा आत अभ्यासाला. होडीचं गाणं. अजून सगळं पाठ आहे. ज्या घरात पोरगी गाते आणि बाप डोळे मिटून ऐकतो, ते घर कसं होतं ते लोकांना कळू दे एकदाचं."

व्यवस्थापक तर हवेतच गेले. प्रत्यक्ष बहिणीचा आवाज! ठरलं. पुढच्या आठवड्यात तिथेच ध्वनिमुद्रण. गाणं झालं की खुर्ची न्यायची आणि पुढच्या खोलीत खिडकीपाशी ठेवायची, बोळात नाही. 'कोंडायचे' हा शब्दही पाटीवरून जाणार. त्यांनी कबूल केलं. सौदा पक्का केल्यासारखे हात जोडले आम्ही एकमेकांना.

 निघताना चष्मेवाली म्हणाली, "आजी, अभ्यास करायचे म्हणता, पण आत दिवा कुठे होता? वायर नाहीये तिथे. कधी नव्हतीच, असं दुरुस्तीवाले म्हणाले."

"असेल कंदील," मी म्हटलं. "मी काय आत जाऊन बघत होते?"

"बरं," ती म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत ठेवून आली.

आज मन एकदम हलकं झालंय. पुस्तकात घेतलं नाहीस ना, दादा? आता तुझ्या घरात मीच गाणार, आणि तुझे वाचक गपचूप बसून ऐकणार.

शनिवार, १५ नोव्हेंबर

रियाज सुरू. आवाजाचं पार चिपाड झालंय. वरच्या पट्टीत गेलं की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं वाटतं. खाली घेतलं, तर बरं लागलं. शब्द मात्र एकही विसरलेला नाही. नदी, होडी, पलीकडच्या काठावरचा दिवा, आणि प्रत्येक कडव्याला नावाड्याला हाक. मोठं गाणं होतं. सावकाश म्हटलं तर संपता संपत नाही.

गायला लागलं की सगळं परत येतं. बाबा म्हणायचे, "मोठ्यानं, चिमणे! शेजाऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे." मी आणखी मोठ्यानं. शेजारच्या काकू कौतुकानं म्हणायच्या, तुमच्याकडे संध्याकाळी नुसती मैफल असते बाई. मध्ये थांबले तर बाबा म्हणायचे, पुन्हा पहिल्यापासून. असा गुरू कोणाला मिळतो? माझा दम तिथेच तयार झाला. शाळेत सगळ्या मुलांना मी हेच सांगायचे, माझे पहिले गुरू माझे वडील.

आणि ठेका! ते तर विसरलेच होते. मी भिंतीला पाठ लावून बसायचे ना, तर आतून दादा ठेका धरायचा. धप, धप. पाठीत जाणवायचा मला. पण कसला बेताल! सुरुवातीला जोरात, वाटेल तसा, समेचा पत्ता नाही. मग हळूहळू मंद व्हायचा आणि थांबायचा. मी बाबांना म्हणायचे, "दादाचा ठेका चुकतोय." बाबा हसायचे. "चुकू दे. तू गा."

गाणं झालं की बक्षीस म्हणून लिंबाची गोळी. मी दातानं तोडून अर्धी दादाला ठेवायचे. बाहेर आला की द्यायला जायचे. एकदाही घेतली नाही मेल्यानं. नुसता बघायचा माझ्याकडे, घामानं निथळलेला, आणि नळाखाली डोकं धरायचा. गर्विष्ठ तेव्हापासूनच.

आईला मात्र गाण्याचं वावडं. एकदा ओल्या हातानं येऊन तिनं माझं तोंडच दाबलं, ऐन कडव्यात. बाबा खुर्चीतून म्हणाले, "गाऊ दे पोरीला." तशी हात काढून आत गेली. नळ आणखी मोठा सोडला.

रविवार, १६ नोव्हेंबर

लेकीशी वाजलं.

दुपारी गात होते, तर ही दारात येऊन उभी. मला वाटलं, ऐकतेय. लहानपणी हेच गाणं म्हणून तिला झोपवायचे मी. काल लिहिलेल्या गमती तिला सांगितल्या, ठेक्याच्या, गोळीच्या. हसेल म्हणून. तर ती चालत आली आणि बाबांच्या खुर्चीमागे उभी राहिली. त्या खाचेत बोट घालून बघितलं. मग म्हणाली, "आई, नको गाऊस तिथे."

"का?"

"नको ना. घरी गा. कुठेही गा. तिथे नको."

"अगं पण का?"

"मला नाही सांगता येत." आणि डोळ्यांत पाणी.

मला आधी आश्चर्य वाटलं, मग राग आला. म्हटलं, लाज वाटते का म्हाताऱ्या आईची? आवाज फाटलाय म्हणून? तर म्हणाली, "तुझा आवाज चांगला आहे गं, तेच तर…"  आत जाऊन दार लावून घेतलं.

मामाची लाडकी होती ती. त्याची सगळी पुस्तकं हिच्याकडे आहेत. मामाच्या खोलीत आपल्या आईनं लुडबुड करू नये असं वाटत असेल. दुसरं काय! मी बधणार नाही. एवढ्या वर्षांनी बाबांसाठी काही करायला मिळतंय. मी नाही केलं तर कोण करणार?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज लिहायलाच हवं. उद्यावर टाकलं तर मी काहीतरी वेगळंच लिहून ठेवीन, मला माहीत आहे.

सकाळी तिथे गेले. लेक सोडायला आली, बोलत नव्हती, पण आली. संग्रहालय आज बंद ठेवलं होतं. ध्वनिमुद्रणवाला तरुण माणूस, कामात चोख. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, माझ्या जुन्या जागी मला बसवलं. भिंत पाठीला लागली आणि मी खरंच चिमणी झाले. एका दमात गायले. शेवटची हाक तर अशी लागली की व्यवस्थापकांनी टाळ्या वाजवल्या. लेक कुठे आहे म्हणून बघितलं, तर ती बाहेर गल्लीत जाऊन उभी राहिली होती. अगदी मामासारखी.

मग तो माणूस म्हणाला, "आता आत कसं ऐकू येतं ते बघायला हवं. आवाज किती ठेवायचा ते ताईंनीच सांगावं." त्यानं कर्णा उंबऱ्यावर ठेवला, मी बसले होते तिथेच, झरोक्याखाली.

चष्मेवालीनं जिन्याखालचं दार उघडलं. "कडी लावू का, आजी? नाही लावली तरी चालेल."

"लाव की. मी काय घाबरते?"

मी त्या घरात लग्न होईपर्यंत राहिले आणि त्या खोलीत कधी पाय ठेवला नव्हता. हे मला आत गेल्यावर लक्षात आलं.

उभं राहता येत नाही. जिन्याची उतरंड डोक्यावर येते. पाय लांब केले तर दाराला लागतात. अभ्यास राहू दे, तिथे पुस्तक उघडून मांडीवर धरता येणार नाही. दार लागलं तसा माझा हात मला दिसेना. झरोका वर आहे, पण त्यातून उजेड येत नाही.

गाणं येतं.

सुरू झालं आणि मी दचकले. बाहेर बसून गाताना ते लांब जातं, गल्लीभर पसरतं. आत तसं होत नाही. झरोक्यातून सगळं आत पडतं आणि तिथेच राहतं. दुसरं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. नळ नाही, घड्याळ नाही. दुसऱ्या कडव्याला मला श्वास पुरेना. मी म्हटलं, "उघड." कोणी उघडलं नाही. मोठ्यानं म्हटलं, "उघड गं!" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, कारण माझाच आवाज त्याच्यावर होता. मग मी दारावर हात मारले. मग भिंतीवर. जोरात, वाटेल तसे. आणि बाहेर ती, मी, चिमणी, नावाड्याला हाका मारतेय, मजेत, मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. थांबतच नाही. हात दुखायला लागले, मग मारणं कमी झालं, मग थांबलंच. मी खाली बसून गाणं संपायची वाट बघितली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

संपलं. कडी निघाली. चष्मेवालीचा हसरा चेहरा. "आजी, काय ठेका धरला होतात! मला वाटलं, तुम्हाला एवढी मजा येतेय तर पूर्ण होऊ दे."

मी घामानं निथळत होते. तिच्या चेहऱ्याकडे नुसती बघत राहिले.  तिची काय चूक? तिला खरंच तसं वाटलं होतं.

ती म्हणाली, "आजी? पाणी देऊ?"

मी चालत स्वयंपाकघरात गेले आणि नळाखाली डोकं धरलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

त्याला अर्धी गोळी द्यायला जायचे मी. रोज. हात पुढे करून.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

डोळा लागत नाही की जेवण जात नाही. लेक माझ्या कपाळावर हात ठेवून बसते. आज तिला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तू ठेक्याचं सांगितलंस तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"मामा चारशे पानं बोलला नाही. मी कशी बोलू?"

मग मी ते पुस्तक पुन्हा मागून घेतलं. जंत्री वाचली. नळ, घड्याळ, खुर्ची, पावलं, सायकली. आता मला माहीत आहे, गाणं चालू असताना यातलं काही ऐकूच येत नाही. त्यानं माझा आवाज पुसला आणि त्या जागी हे सगळं एकेक करून बसवलं. नळसुद्धा. कुत्रासुद्धा. कोणी वाचून म्हणू नये, बहीण होती ना, मग ती काय करत होती? मी जन्मभर त्याच्यावर रुसून बसले की मला घेतलं नाही. आणि तो लग्नातून उठून जायचा, रेडिओ बंद करायचा, "छान" म्हणायचा. ते "छान" म्हणणं त्याला किती जड गेलं असेल!

बाबांचं काय करू, ते कळत नाही. खुर्चीकडे बघवत नाही आणि फेकवतही नाही. त्यांनी मला गाणं दिलं हे खोटं नाही. कशासाठी दिलं, तेही आता खोटं म्हणता येणार नाही. राग येतो आणि त्या रागातच त्यांची हाक ऐकू येते, आणि अजूनही बरी वाटते. हे सगळ्यात वाईट.

व्यवस्थापकांना फोन केला. गाणं पुसून टाका म्हटलं. ते रडकुंडीला आले. "ताई, अहो, इतकं सुंदर झालंय! आणि पाटी? पाटी मी बदलायला टाकली आहे."

"पाटी होती तशी राहू दे. शब्द बरोबर आहे तो."

"मग खुर्ची?"

"खुर्ची न्या. पण खिडकीत नाही ठेवायची. बोळात, त्या दाराला टेकवून. मागची खाच कडीवर बरोबर बसते, बघा."

त्यांनी पलीकडे कोणाला तरी पाटीचं काम थांबवायला सांगितलं. मग म्हणाले, "हो, ताई."

बुधवार, ३ डिसेंबर

आज गेले होते. चष्मेवाली तिकीट घेऊ देत नव्हती, मी घेतलंच.

खुर्ची जागेवर आहे. कोणाला आत जायचं असलं की ती बाजूला करावी लागते, मग पुन्हा लावायची. पोरीनं मला हळूच विचारलं, "आजी, लोक विचारतात, लेखकाला भावंडं होती का? काय सांगू?"

"पुस्तकात काय आहे?"

"कोणीच नाही."

"मग तेच सांग. त्यानं विचार करूनच लिहिलंय."

 पुढे माणसं आली होती, ती त्यांच्याकडे गेली. मी मागच्या दाराशी गेले आणि उंबऱ्यावर बसले. पाठ भिंतीला लावली. ओठांवर पहिली ओळ आलीच, सवयच ती. मी तोंड मिटून घेतलं.

आत कोणीतरी गेलं होतं. कडी लागल्याचा आवाज आला. मग त्या माणसानं पाय सरकवला, तो ऐकू आला. मग खोकला. मग एक लांब श्वास. झरोक्यातून सगळं अगदी जवळून येत होतं, माझ्या कानाशीच बोलल्यासारखं. बाहेर कोणी गात नसलं, तर आतलं सगळं ऐकू येतं.